मागचा डावा पाय

पैज लागली ती नळावर, आणि नळावर लागलेली पैज म्हणजे सगळ्या इमारतीला आमंत्रणच.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला हा नळ. दुसऱ्या टोकाला सुतारमामांचं दार. मधोमध डुप्लिकेटचं घर, आणि त्याच्या उंबऱ्यासमोर उन्हाच्या पट्ट्यात डुप्लिकेटचं कासव पडलेलं. मान आत, पाय आत, नुसती पाठ बाहेर. सुतारमामांनी बादली नळाखाली सरकवली आणि म्हणाले, "डुप्लिकेट, तुझ्या त्या पेपरवेटमध्ये जीव आहे का रे, की रोज काकडी घालून आम्हाला उल्लू बनवतोयस?"

डुप्लिकेट म्हणजे किल्लीवाला. नाक्यावर कपाटाएवढं दुकान, आत एक यंत्र, एक स्टूल आणि भिंतभर लटकलेल्या किल्ल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या किल्ल्यांच्या डुप्लिकेट काढल्या, त्यामुळे त्याचं स्वतःचं ओरिजिनल नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. लग्नपत्रिका काढून बघितली तर सापडलं असतं, पण एवढी खटपट करतो कोण?

आणि माणूस महा वात्रट. जिन्याच्या कठड्यावर 'रंग ओला आहे' अशी पाटी लावून त्याने अख्ख्या इमारतीला कठडा न धरता जिना उतरायला लावला होता, पाटी सुकून पिवळी पडली तरी रंग सुकेना. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्या काकूंना त्याने एकदा घडी करायला चादर म्हणून टेबलफॅनचं कव्हर पाठवलं होतं. सुतारमामांच्या कानावरची पेन्सिल तर त्याने इतक्या वेळा पळवली होती की मामा झोपेतसुद्धा कान चाचपायचे.

"पेपरवेट नाही, भाऊसाहेब म्हणायचं," डुप्लिकेट म्हणाला. "आणि मनात आलं ना, तर तुमच्या सासरेबुवांच्या आधी नळावर पोचतील."

नळावर सगळे एकदम हसले.

कारण सुतारमामांचे सासरेबुवा रोज सकाळी तांब्या घेऊन दारातून निघायचे आणि नळावर पोचायचे तेव्हा ऊन सरकलेलं असायचं. प्रत्येक दारापाशी थांबणार, आत कोण आहे, काय शिजतंय, कुणाचा फोन आला होता, सगळं विचारणार. गॅलरीच्या मध्यावर त्यांची एक लाकडी खुर्ची होती. तिथे बसणार, कठड्यावरून खाली वाकून बघणार, उठणार, पुन्हा बसणार.

"लागली पैज?" मामा इरेला पेटले.

"लागली."

"रविवारी सकाळी. माझ्या दारापासून नळापर्यंत. जनावराला हात लावायचा नाही."

"तुम्ही सासऱ्यांना हात लावायचा नाही. आणि त्यांना सांगायचंही नाही."

"हरेल त्याने काय करायचं?"

इथे इस्त्रीवाल्या काकूंनी तोंड घातलं. त्या पाणी न्यायला आल्या होत्या, पण बादली भरून केव्हाच वाहत होती. "हरेल त्याने कपड्यांचा टब पाठीवर पालथा घालायचा आणि अंगणातून गेटपर्यंत रांगत जायचं. सगळ्यांसमोर. निकाल मी देणार. मारा हात लवकर, माझी इस्त्री तापलीय."

दोघांनी हातावर हात मारले.

डुप्लिकेट शीळ घालत घरात आला तर बायको दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो, रविवारी काय आहे, लक्षात आहे का?"

शीळ तिथेच तुटली. रविवारी लेक येणार होती.

भाऊसाहेब खरे लेकीचे. शाळेत होती तेव्हापासूनचे. नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा ती त्यांना घेऊनच जाणार होती. डुप्लिकेटने पहिल्यांदा जोक मारले, मग कारणं सांगितली, आणि शेवटी नुसताच भाऊसाहेबांना मांडीवर घेऊन बसून राहिला. तेव्हा ती म्हणाली होती, "बरं, राहू दे. पण मी येईन तेव्हा बघणार. नीट दिसले नाहीत तर त्याच पावली घेऊन जाईन. आणि बाबा, तुझ्या मस्करीत त्यांना घ्यायचं नाही." आता फोनवर तिने सांगितलं होतं की येताना झाकणाची टोपली आणतेय, लागली तर असू दे.

टोपलीचं नाव निघालं की डुप्लिकेट विषय बदलायचा. लेक गेल्यावर घर असं मुकं झालं होतं की घड्याळ बंद पडलं तरी कळलं असतं. दुकानातून आल्यावर पलंगाखालून पाठ घासत घासत कुणीतरी आपल्याकडे येतंय, एवढाच काय तो आवाज. तो गेला तर मग दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं.

"पैज आपणच जिंकतोय," तो बायकोला म्हणाला. "लेकीला उलट आवडेल. भाऊसाहेब किती तंदुरुस्त आहेत ते दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब लंगडत होते.

डुप्लिकेटने काकडीचा तुकडा लांब ठेवला होता, सराव म्हणून. भाऊसाहेब निघाले. पुढचे दोन पाय ठीक, मागचा उजवा ठीक, आणि मागचा डावा नुसता फरशीवरून ओढत येतोय. डुप्लिकेटने त्यांना उचललं, पाय बघायला गेला, तर पाय आत. वाट बघितली. पाय जरा बाहेर आला, त्याने बोट नेलं, पुन्हा आत. ओझरतं एवढंच दिसलं की गुडघ्यामागच्या घडीत लाल झालंय आणि थोडं सुजलंय.

बायकोने पसरट ताटात कोमट पाणी केलं, भाऊसाहेबांची हनुवटी वर राहील एवढंच. त्यात ते जरा सैलावले. तिने कापसाने हळूच पाय पुसला. "डॉक्टरांकडे नेऊ या."

"थांब," डुप्लिकेट पुटपुटला. त्याचे डोळे बारीक झाले होते. "काल पैज लागली. आज पाय गेला. हा काय योगायोग आहे?"

"मग काय आहे?"

"घातपात."

बायकोने कपाळावर हात मारला. पण डुप्लिकेटच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि ती काही केल्या गप्प बसेना. आयुष्यभर ज्याने इतरांच्या चपला चिकटवल्या, त्याला पक्कं ठाऊक असतं की आपल्या चपलेवर किती लोकांचा डोळा आहे. अख्ख्या इमारतीत त्याच्यावर डूख न धरलेलं माणूस शोधायचं म्हटलं तर पोस्टमन निघाला असता. आणि पोस्टमन इथे राहत नव्हता.

त्याने जुन्या चादरीच्या स्वच्छ घड्या घालून एक लाकडी पेटी तयार केली, हवेसाठी वर भोकं पाडली, भाऊसाहेबांना आत ठेवलं. मग पेटीला कडी बसवली. कडीला कुलूप. मग कुलपावर विश्वास बसेना म्हणून दुसरं कुलूप. किल्ल्या खिशात. विचारेल त्याला सांगायचं, सराव चालू आहे, गुप्त.

पाणी भरायला गेला तर इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "भाऊसाहेबांचे पाय जपा हो."

डुप्लिकेटची बादली हातातच राहिली. पाय? पायच का? मान का नाही? पाठ का नाही? "का हो काकू, पायांचं काय?"

"पैज चालायची आहे ना? मग पायच जपणार, का कान?"

उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर की तयार करून ठेवल्यासारखं. डुप्लिकेटने त्यांच्या हातांकडे बघितलं. इस्त्री. चटका? पण पाय भाजलेला वाटत नव्हता. तरी काकूंचं नाव त्याने मनात खुंटीला टांगून ठेवलं.

परत येताना खुर्चीवर सासरेबुवा. "काय म्हणतंय तुमचं जनावर? चालतंय ना?"

"तुम्हाला कुणी काय सांगितलं का?"

"मला? मला कोण काय सांगणार बाबा? मी आपला विचारतोय. तुमच्याकडे आज भाजी कसली?"

भाजीवर गेले! विषय बदलला! दुसरी खुंटी.

दुपारी त्याने सापळा लावला. बायको बाजारात गेली होती, त्याला दुकानात जायचं होतं. उंबऱ्याच्या आत त्याने तिचा पावडरचा डबा अख्खा पालथा केला, पातळ थर पसरला, आणि दार लोटून गेला, मुद्दाम कुलूप न लावता. येऊ दे कोण येतोय ते. पावलं मोजून चप्पल कळेल, चप्पल कळली की माणूस.

संध्याकाळी आला तर पावडरीवर पावलं होतीच. अनवाणी, लहान, आणि घसरत थेट मोरीपर्यंत गेलेली. मोरीपाशी बायको पाय चोळत बसली होती. त्या रात्री जेवणात मीठ नव्हतं, आणि मागायची त्याची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी मात्र अख्खा कटच त्याच्या कानावर आला.

मामांचं वर्कशॉप जिन्याखाली. डुप्लिकेट जिना उतरत होता, कठडा धरून, कारण पाटीचं खरं त्याला एकट्यालाच माहीत. खालून मामांचा आवाज आला. दबका. मामा आणि दबका आवाज! हा माणूस 'चहा घे' म्हटला तरी शेजारच्या इमारतीत कप बाहेर निघायचे. डुप्लिकेट होता त्या पायरीवर बसला आणि कान टवकारले.

"मागचा डावा," मामा फोनवर सांगत होते. "हो. मीच. जरासा घासला. फार नाही गं, अगदी थोडा. बघून कुणाला कळणार नाही, नुसता लंगडतो. रविवारपर्यंत असाच राहू दे, मग मी करतो सरळ. तू फक्त गप्प बस."

डुप्लिकेटच्या डोळ्यांपुढे मामांची कानस आली. ती लांब, खरखरीत कानस. आणि भाऊसाहेबांची ती मऊ घडी. त्याचं डोकं असं सणकलं की शेवटच्या चार पायऱ्या तो उतरला की पडला, त्यालाच कळलं नाही.

"मामा!"

मामांच्या हातून फोन भुशात पडला.

"मागचा डावा, काय? जरासा घासला, काय?"

मामांचा चेहरा पांढरा पडला. तो रंगच कबुलीजबाब होता. "तुला... तुला कुणी सांगितलं?"

"भिंतीने सांगितलं! लाज नाही वाटली? एका पैजेसाठी? मुक्या जिवाचा पाय घासता?"

"हळू बोल, वर ऐकू जाईल," मामा गयावया करू लागले. "कबूल. चुकलं माझं. पण डुप्लिकेट, मुका जीव कसला रे? दिवसभर बोलत असतात!"

"कोण बोलत असतं?"

"सासरे!"

"सासऱ्यांचा पाय घासलात?"

"सासऱ्यांचा कशाला घासेन, वेडा का खुळा! खुर्चीचा!"

आवाज ऐकून इस्त्रीवाल्या काकू दारात आल्या होत्या. त्या आधी डुप्लिकेटकडे बघत होत्या, मग मामांकडे, आणि आता दाराची चौकट धरून खाली बसल्या, हसू आवरेना म्हणून.

मग मामांनी एकेक करत सगळं ओकलं. सासरेबुवा खुर्चीत बसले की उठत नाहीत. म्हणून त्यांनी खुर्चीचा मागचा डावा पाय किंचित तासला, म्हणजे बसलं की खुर्ची लंगडणार, लंगडली की सासरेबुवा कंटाळून उठणार आणि नळ गाठणार. फोनवर बायको होती. तिला वडिलांची दया येत होती.

"हात लावायचा नाही ठरलं होतं," डुप्लिकेट म्हणाला.

"सासऱ्यांना. खुर्चीला नाही," मामा पुटपुटले. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "थांब. तू कुणाच्या पायाबद्दल बोलत होतास?"

डुप्लिकेट दाराकडे सरकला. पण काकू समोर, मामा समोर, सुटका नव्हती. त्याने सांगितलं.

मामांचा चेहराच बदलला. "अरे मग गाढवा, इथे काय करतोस? त्याला डॉक्टरकडे ने! चल, मी येतो."

डुप्लिकेटला हेही खटकलं. एवढी कळकळ? पण मामा जिना चढायलाही लागले होते.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. मामांनी पेटी डोक्यावर घेतली, कारण पेटी त्यांच्या मते वाईट बनवली होती आणि तळ कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. टेबलावर पेटी ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उघडा."

डुप्लिकेटने खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग शर्टाच्या.

"किल्ली?" डॉक्टरीणबाई.

"दुकानातच..."

"तुम्ही काय करता?"

"किल्ल्या," मामांनी उत्तर दिलं, आणि कानामागून पेन्सिल काढावी इतक्या सहज खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून मागच्या बिजागऱ्या सोडवल्या. झाकण दोन कुलपांसकट उलट बाजूने उघडलं. भाऊसाहेबांनी मान वर करून सगळ्यांकडे एकवार बघितलं.

डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती. कोमट पाण्याचं ताट आणलं, भाऊसाहेब त्यात ठेवले, गप्पा मारल्या, आणि ते सैल झाल्यावर पाय अलगद दोन बोटांत धरला. "कुत्र्याने वगैरे धरलं होतं का?"

"घातपात आहे," डुप्लिकेट म्हणाला. बोलताना त्याने एक डोळा मामांवर ठेवला होता. खुर्चीचं खरं असेल. पण जो खुर्चीचा पाय घासतो...

बाईंनी चिमटा घेतला, घडीत हळूच घातला आणि बाहेर काढला. चिमट्याच्या टोकावर काहीतरी चमकलं. पिवळं, केसाएवढं बारीक, स्प्रिंगसारखं वळलेलं.

"पितळ दिसतंय," त्या म्हणाल्या. "घरात असलं काही असतं का?"

मामांनी आधी त्या तुकड्याकडे बघितलं, मग खाली डुप्लिकेटच्या पायांकडे. डुप्लिकेटची कामाची पँट लांबीला जास्त होती, म्हणून तो खाली दोन घड्या घालायचा. किल्ली कापताना यंत्रातून पितळेचा कीस उडतो, तो अंगावरचा झटकला तरी घड्यांत जाऊन बसतो. घरी आला की डुप्लिकेट ती पँट पलंगाच्या कडेला तशीच टाकायचा. आणि लेक गेल्यापासून भाऊसाहेब त्या पँटवरच झोपायचे. पलंगाखालची त्यांची जागा सोडून, रोज, घड्यांत तोंड खुपसून.

त्याचं त्याला फार कौतुक वाटायचं. माझा वास आवडतो त्यांना, असं तो बायकोला सांगायचा.

"जखम किरकोळ आहे," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "हे मलम लावा. रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसवा, मग नीट कोरडं करा. खाली स्वच्छ कापड, माती नको, भुसा नको. आणि जखम भरेपर्यंत चालायला लावू नका. ऐकताय ना?"

डुप्लिकेट ऐकत होता. फक्त वर बघत नव्हता.

परत येताना मामांनीच तोंड उघडलं. "मी खुर्ची घासली, तुझं कासव आजारी. पैज रद्द. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. काकूंना मी सांगतो."

"का?" डुप्लिकेट एकदम थांबला.

"का म्हणजे?"

"तुमचा यात काय फायदा?"

मामांनी डोक्यावरची पेटी सावरली. "तुला ना डुप्लिकेट, कुणी फुकट पाणी पाजलं तरी तू पेला उलटा करून बघशील."

घरी आल्यावर डुप्लिकेटने पेटीचं झाकण पुन्हा बसवलं, कुलपांशिवाय. रविवारपर्यंत तो दुकानात गेला नाही. भाऊसाहेबांना ताटात बसवायचा, टॉवेलने टिपायचा, मलम लावायचा, आणि मधल्या वेळात डोक्यात गोष्टी जुळवायचा. लेकीला काय सांगायचं? मांजर सांगावं का? मांजर चांगलं होतं, मांजर काही साक्षीला येणार नव्हतं. जिन्यावरून घसरले? नको, मग जिन्यावर का सोडलं. मामांची कानस सगळ्यात झकास बसत होती. मामांनी खुर्ची घासल्याची कबुली काकूंसमोर दिली होती, म्हणजे माणूस संशयाच्या लायकीचा होताच. थोडं इकडचं तिकडे केलं की काम फत्ते. लेक मामांशी भांडेल, टोपली रिकामी जाईल.

बायको त्याच्याकडे बघत होती. "काय शिजतंय डोक्यात?"

"काही नाही."

"तुमचं काही नाही असलं की मला धडकी भरते."

रविवारी लेक सगळ्यांच्या अंदाजाआधी येऊन धडकली. हातात ती टोपली. पैज रद्द झाल्याचं मामांनी सांगितलं होतं, पण त्यावर इमारतीत एकाचाही विश्वास बसला नव्हता. डुप्लिकेट ज्यात आहे ते रद्द कसं होईल? म्हणून नळावर नेहमीपेक्षा जास्त बादल्या होत्या आणि एकीतही कुणी पाणी भरत नव्हतं. लेक त्या गर्दीतून वाट काढत घरात आली, पेटीशी बसली, भाऊसाहेबांना उचललं. मलम लावलेला पाय तिने लगेच हेरला.

"हे कुणी केलं?"

दारात मामा होते, काकू होत्या, मागे गॅलरीभर माना. मामा डुप्लिकेटकडे बघत होते.

डुप्लिकेटच्या जिभेवर मांजर तयार होतं. कानसही तयार होती. त्याने लेकीच्या हाताकडे बघितलं. टोपलीची कडी तिने अजून सोडली नव्हती.

"माझ्या पँटीने," तो म्हणाला.

"काय?"

"पँटीच्या घडीत पितळेचा कीस असतो. ते त्यावर झोपतात. तू गेल्यापासून. एक बारीक तुकडा पायात घुसला. डॉक्टरांनी काढला. चूक माझी."

लेकीने त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे, मग मामांकडे. "बाबा, खरं सांग. कुणाला वाचवतोयस?"

"कुणालाच नाही!"

"तू आणि चूक माझी? काकू, काय भानगड आहे? मामा, तुम्ही का लाल झालात?"

मामा खुर्चीमुळे लाल झाले होते, पण मागे सासरेबुवा उभे असताना ते सांगतील कसे? त्यांनी नुसतंच घसा साफ केला आणि आणखी लाल झाले. गॅलरीत कुजबूज उठली. कुणीतरी म्हणालं, यात नक्की काहीतरी आहे. कुणी म्हणालं, कासवच बदललंय बहुतेक.

उभ्या आयुष्यात डुप्लिकेट एकदा खरं बोलला होता, आणि ते खपत नव्हतं. त्याने लेकीला डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, चिमट्याचं सांगितलं. ती मान हलवत होती, पण तिचा हात टोपलीचं झाकण उघडत होता.

मग तो उठला, मोरीत गेला, शुक्रवारपासून तिथे खुंटीला टांगलेली कामाची पँट चढवली आणि कपड्यांचा मोठा टब घेऊन बाहेर आला.

"भाऊसाहेब चालणार नाहीत," तो गॅलरीला ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्यामुळे. म्हणजे मी हरलो. सरका."

"अरे, रद्द केली ना आपण!" मामा ओरडले.

"मी नाही केली."

आणि तो जिना उतरायलाही लागला.

अंगणात त्याने टब पाठीवर पालथा घातला, गुडघे टेकले, तळहात टेकले आणि गेटच्या दिशेने निघाला. कुणी हसलंच नाही. सगळे दोन पावलं मागे सरकले. डुप्लिकेट स्वतःहून हरतोय? सगळ्यांसमोर? काकूंनी गेटपाशी जाऊन दोन्ही फळ्या हलवून बघितल्या, कुठे दोरी बांधलेली नाही ना. एकाने आपली सायकल उचलून लांब नेली. सासरेबुवा वाकून टबाखाली बघत होते, "आत काय लपवलंय?"

"मी," डुप्लिकेट खालून म्हणाला.

लेक भाऊसाहेबांना छातीशी धरून मागून येत होती. तिच्या डोळ्यांतला संशय तसाच होता. तिने हा माणूस पत्त्यांत हरताना पत्ते उधळताना बघितला होता, क्रिकेटमध्ये आउट झाल्यावर बॅट माझी म्हणून घरी जाताना बघितला होता. अंगणाच्या मध्यावर ती त्याच्या मागे उकिडवी बसली. एका हाताने तिने त्याच्या पँटची घडी धरली, उलगडली आणि झटकली.

फरशीवर सोनेरी धूळ पडली. उन्हात लखलखली. तिने दुसरी घडी झटकली. आणखी पडली, मूठभर.

"बाबा," ती म्हणाली. आवाज बदलला होता.

"काय?"

"खरं बोलत होतास तू."

"हो ना. सवय नाही, म्हणून जरा अडखळलो."

"ही पँट आजपासून दुकानात. तिथेच घालायची, तिथेच काढायची. घरात आणलीस तर याद राख."

डुप्लिकेट थबकला. गुडघे भाजत होते, पाठीवरचा टब डुगडुगत होता. विचारायची भीती वाटत होती, पण विचारलं. "आणि भाऊसाहेब?"

"पाय बरा होईपर्यंत मी त्यांना प्रवास करायला लावणार नाही. आणि मग..." तिने वर गॅलरीत उभ्या आईकडे बघितलं. "मग पुढच्या वेळी बघू. आई, टोपलीत धुतलेले कपडे टाक."

टबाखालून एक विचित्र आवाज आला. तो खोकला होता की काय होतं, ते डुप्लिकेटने पुढे कधी कबूल केलं नाही. पण तो सुटला. असा सुटला की टब एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आपटत होता, आणि आता कुठे अंगणाला हसू फुटलं. मामा कठड्यावरून ओरडले, काकूंनी टाळ्या सुरू केल्या.

"सावकाश हो!" काकू हसता हसता ओरडल्या. "कासव आहात तुम्ही!"

त्याने गेटला डोकं टेकवलं. काकूंनी हात वर करून निकाल दिला, पैज फिटली. लोक पांगायला लागले, बादल्या उचलल्या गेल्या.

डुप्लिकेट मात्र उठला नाही. टब सावरून तो जागच्या जागी वळला आणि गेटपासून जिन्याकडे पुन्हा रांगायला लागला.

"आता हे कशाला?" मामांनी वरून विचारलं, आणि पेन्सिल जागेवर आहे ना म्हणून आधी कान चाचपला.